पुरं झालं म्हणायचं कुणी? : द लाज आणि त्यांचा एकुलता एक अल्बम



या मालेत आपण आतापर्यंत उदाहरणं घेतली ती बहुतेक चित्रांची, काव्याची, फार तर अभिजात संगीताची. आज जरा आडवाटेला जायचंय. विषय आहे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातला एक रॉक बँड. त्यांच्या नावावर एकच अल्बम आहे. त्यात बारा गाणी, सगळी मिळून सुमारे ३५ मिनिटं. हा अल्बम १९९० साली ऑक्टोबरमध्ये बाजारात आला. आणि ज्याने ती गाणी लिहिली, गायली, तोच मुलाखतींमधून सांगू लागला की हा अल्बम वाईट आहे, अपुरा आहे, आमच्या मनाविरुद्ध काढलाय. त्यानंतर त्याने दुसरा अल्बम काढलाच नाही.

बँडचं नाव 'द लाज'. हसू नका. उच्चार अगदी आपल्या 'लाज'सारखा, 'ज'सुद्धा तोच. अर्थाचा मात्र काही संबंध नाही. लिव्हरपूलच्या बोलीत 'लॅड', म्हणजे पोऱ्या, याचं नुसतं 'ला' होतं. आपण 'काय गड्या' म्हणतो ना, तसं. पाश्चात्त्य स्वरनामांतला 'ला'ही त्यात ऐकू येतो, आणि तोही त्यांना हवाच असणार.

इतिहास थोडक्यात सांगतो. माइक बॅजर याने १९८३ साली बँड सुरू केला. पुढच्या वर्षी ली मेव्हर्स आला. १९८६च्या अखेरीस बॅजर बाहेर पडला आणि बँड मेव्हर्सचा झाला. बास गिटार वाजवणारा जॉन पॉवर त्याच वर्षी आला होता. १९८७ साली 'गो! डिस्क्स' या छोट्या स्वतंत्र कंपनीशी करार झाला, 'वे आउट' हे पहिलं सिंगल निघालं. १९८८ साली 'देअर शी गोज' निघालं. तेव्हा ते फारसं चाललं नाही. मग अल्बमचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि ते काही संपेना. प्रोड्यूसर आले आणि गेले. जॉन लेकी, बॉब अँड्रूज, माइक हेजेस, ही सगळी नाव कमावलेली माणसं. ड्रमर बदलले, गिटारवाले बदलले, स्टुडिओ बदलले. तीच गाणी पुन्हा पुन्हा मुद्रित होत होती आणि मेव्हर्स 'हे नाही' म्हणत होता. शेवटी १९८९-९०च्या हिवाळ्यात लंडनमध्ये स्टीव्ह लिलीव्हाइटबरोबर काम झालं. यू२ या बँडचे पहिले तीन अल्बम करणारा हाच तो. तेही मध्येच फिसकटलं. बँड निघून गेला. कंपनीने लिलीव्हाइटला सांगितलं की हाताशी आहे त्यातून अल्बम जुळवा. त्याने जुळवला.

आता या गोष्टीचं नेहमी काय होतं ते बघा. तिचे दोन साचे ठरून गेलेत. एक म्हणजे 'विक्षिप्त माणूस'. या साच्यात एक दंतकथा हमखास सांगितली जाते : साठच्या दशकातलं जुनं मिक्सिंग डेस्क आणून दिलं, तर मेव्हर्स म्हणाला म्हणे, यावर साठच्या दशकातली मूळची धूळ नाही. किस्सा फक्कड आहे, म्हणूनच तो टिकला. पण आमच्या मते त्याने फार नुकसान केलंय, कारण एका गंभीर तक्रारीचा त्याने विनोद करून टाकला. दुसरा साचा 'हुतात्मा कलावंत'. बाजाराने ज्याची कलाकृती ओरबाडून घेतली, तो. दोन्ही साचे आळशी आहेत. मेव्हर्स नेमकं काय म्हणत होता, हे दोघांनाही ऐकायचं नाहीये.

ते आपण ऐकू. त्याचं म्हणणं साधारण असं : गाणं मला माहीत आहे, ते कसं वाजायला हवं हे मला माहीत आहे, आणि टेपवर आलंय ते, ते नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे लगेच कॉलिंगवुड आठवेल. 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' हे त्यांचं पुस्तक १९३८ सालचं. त्यात ते म्हणतात की संगीतकाराच्या मनात चाल तयार झाली की कलाकृती तिथेच पूर्ण झाली. कागदावर उतरवणं, वाजवून दाखवणं, हे ती इतरांपर्यंत पोचवण्याचं निराळं काम. मूळ धागा क्रोचेचा, आणि क्रोचे मराठी वाचकाला रा. भा. पाटणकरांमुळे परका नाही. या मताप्रमाणे मेव्हर्सची तक्रार सरळ आहे. कलाकृती त्याच्या डोक्यात पूर्ण आहे, अल्बम ही तिची वाईट नक्कल.

'टाइमलेस मेलडी' हे त्याचं गाणंच बघा ना. त्याचा विषय आहे खुद्द चाल. चाल गाणाऱ्याला शोधत येते आणि शब्द मध्ये अडथळा होऊन उभे राहतात, अशी ती कल्पना. म्हणजे आपण चाल 'करत' नाही, आपल्याला ती सापडते, असं मानणारा हा माणूस. जे सापडलंय ते जसंच्या तसं जगापुढे ठेवायचं, एवढंच त्याचं काम. मग जरा इकडेतिकडे झालं की तो अपराध वाटणारच.

पण इथेच एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॉलिंगवुडचं खरं मानलं, तर मेव्हर्सला ध्वनीची इतकी फिकीर करायचं कारणच नव्हतं. चाल मनात पूर्ण आहे ना? मग टेपवर गिटार थोडी खरखरीत आली काय, गुळगुळीत आली काय! प्रत्यक्षात त्याची सगळी लढाई ध्वनीसाठी होती. चाल कुणी बदलली, शब्द कुणी कापले, अशी त्याची मुख्य तक्रार नाहीच. तक्रार आहे ती पोताची. त्याला हवा होता तो एक विशिष्ट आवाज, थेट, लाकडी, एका खोलीत चार माणसं वाजवतायत असा. रिचर्ड वोल्हाइमने १९६८ साली 'आर्ट अँड इट्स ऑब्जेक्ट्स' या पुस्तकात कॉलिंगवुडच्या पंथावर हाच आक्षेप घेतला होता : कलावंताच्या मनातली प्रतिमासुद्धा माध्यमातच घडलेली असते, माध्यम वगळून मनात काही 'पूर्ण' होत नाही. रॉक संगीताच्या बाबतीत तर थिओडोर ग्रासिक याने पुढे, १९९६ साली, साफच मांडलं की इथे मूळ कलाकृती म्हणजे मुद्रित ट्रॅकच. तो गाण्याची नक्कल नसतो.

तेव्हा मेव्हर्सच्या मनात जे होतं तेही कुठल्या तरी ध्वनिमुद्रणांतूनच आलेलं होतं. कुठल्या? हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. तो १९६२ सालचा, लिव्हरपूललगतच्या हायटनचा. त्या शहरात बीटल्सपासून पळून जाणार कुठे? त्याच्या कानात साठच्या दशकातल्या पहिल्या वर्षांचा आवाज होता, आणि आपला सगळा वाद या एका जागी येऊन उलगडतो. ती मूळ मुद्रणं झाली कशी होती? बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी' या पहिल्या अल्बमवरची १४ पैकी १० गाणी एका दिवसात मुद्रित झाली. तारीखही ठाऊक आहे : ११ फेब्रुवारी १९६३. यंत्रावर फक्त दोन ट्रॅक. वेळ नव्हता, पैसा नव्हता, रात्रीपर्यंत उरकायचं होतं. त्या खोलीत कुणाच्याही डोक्यात 'साठच्या दशकाचा आवाज' नव्हता. त्यांना दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वाजवायला जायचं होतं, बस्स.

यॉन एल्स्टर नावाचे नॉर्वेजियन विचारवंत आहेत. त्यांच्या १९८३ सालच्या पुस्तकाचं नाव 'सोअर ग्रेप्स', म्हणजे आपल्या कोल्ह्याची आंबट द्राक्षं. त्यात त्यांनी काही अवस्थांचा एक वर्ग सांगितलाय, ज्या फक्त उपफळ म्हणून मिळतात. झोप घ्या. 'मी आता झोपणारच' असा जितका निर्धार कराल, तितकी ती लांब पळते. निरागसपणाचं तेच, सहजतेचंही तेच. दुसरं काहीतरी करताना त्या आपोआप येतात. त्यांनाच लक्ष्य केलं की हातातून निसटतात. योगायोग असा, की द लाजच्या अल्बममधल्या दुसऱ्या गाण्याचं नावच 'आय कान्ट स्लीप' आहे. आता यातून आम्ही काही सिद्ध करत नाही, पण सांगितल्यावाचून राहवलंही नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे. मेव्हर्सला जे हवं होतं ते खरं होतं, मोलाचं होतं, आणि ते मागून मिळणारं नव्हतं. तो उतावीळपणाचा आवाज तीन वर्षं सावकाश बसून घडवू पाहत होता. यात वेड काही नाही. ही एक तार्किक अडचण आहे, आणि चांगल्या कारागिराला ती इतरांपेक्षा लवकर गाठते. सामान्य कुवतीच्या माणसाला मुळात फरकच ऐकू येत नाही.

आता अल्बमकडे वळू. तो न ऐकताच बोलत राहणं बरं नाही.

'सन ऑफ अ गन'ने सुरुवात होते. दोन मिनिटांच्या आत गाणं संपतं सुद्धा. गिटारची पट्टी पक्की, आवाज थोडा घोगरा, बोलीचा. पहिल्याच गाण्यात कळतं की हा माणूस एक स्वर जास्त वापरणार नाही. 'डोलड्रम'मध्ये शब्दांचा खेळ आहे : 'डोल' म्हणजे बेकारभत्ता, आणि 'डोलड्रम्स' म्हणजे वारा पडून शिडाचं जहाज जागच्या जागी अडकतं तो समुद्र. १९८०च्या दशकातलं लिव्हरपूल, गोदीतली कामं गेलेली, तरुण पोरं भत्त्यावर. या सगळ्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. मेव्हर्सने ते एका जोडशब्दात बसवलं आणि वर पन्नाशीतल्या स्किफलसारखा उड्या मारणारा ठेका लावला. रडगाणं नाही, घोषणा नाही. आमच्या मते अल्बममधलं सगळ्यात शहाणं गाणं हेच.

'देअर शी गोज'बद्दल काय सांगावं? जगभर माहीत असलेलं हे एकच. जेमतेम पावणेतीन मिनिटं. त्यात कडवी नाहीतच, हे किती जणांच्या लक्षात येतं? ध्रुवपदच परत परत येतं, मध्ये एकदा चाल वळण घेते, की पुन्हा ध्रुवपद. कडवं नाही म्हणजे गोष्ट नाही. ती कोण, कुठे निघाली, काही कळत नाही. ती फक्त जात राहते. ते गाणं हेरॉइनवर आहे अशी एक वदंता आहे, बँडमधल्यांनी ती नाकारली आहे, आणि खरी असती तरी गाण्यात काही भर पडली नसती. पुढे जाऊ. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अल्बमवर जे 'देअर शी गोज' आहे ते १९८८ सालीच बॉब अँड्रूजबरोबर मुद्रित झालेलं. लिलीव्हाइटने ते नव्याने मिक्स केलं, एवढंच. पुन्हा सिंगल म्हणून निघालं तेव्हा ते ब्रिटनच्या यादीत १३व्या क्रमांकावर गेलं. म्हणजे सगळ्यांना प्रिय झालेलं गाणं अल्बमच्या न संपणाऱ्या घोळात सापडायच्या आधीच होऊन गेलं होतं. ते कुणी नंतर सुधारू शकलं नाही.

सगळंच उत्तम आहे असं नाही. मेव्हर्सच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते कान असलेल्याला ऐकू येतं. लिलीव्हाइटला मोठ्या सभागृहाचा आवाज आवडतो, ढोलांभोवती तो हवा सोडतो. या गाण्यांना स्वयंपाकघर पुरेसं होतं. काही ठिकाणी, विशेषतः मधल्या गाण्यांत, खोली गाण्यापेक्षा मोठी वाटते. पण उलटं बघा. अपुरे टेक वापरले, आमच्या पाठीमागे जुळवलं, ही त्याची मुख्य हरकत. आणि आम्हाला तर अल्बममधला जिवंतपणा नेमका त्याच अपुरेपणात सापडतो. 'फीलिन'मध्ये, 'फेल्युअर'मध्ये आवाज किंचित पुढे धावतो. कुणीतरी 'हा काही शेवटचा टेक नाही' असं समजून गायलंय. मोकळं गायलंय. मेव्हर्स जे उपफळ शोधत होता ते इथे पडलेलं आहे, त्याच्या लक्ष नसलेल्या जागी. रेडिओसाठी केलेली त्यांची मुद्रणं २००६ साली प्रसिद्ध झाली. तिथेही तेच. रेडिओवर वेळ मोजून मिळतो, आणि मोजून वेळ मिळाला की हा बँड बिनघोर वाजवतो.

बाल्झाकची एक कथा आहे, १८३१ सालची. फ्रेनहोफर नावाचा म्हातारा चित्रकार दहा वर्षं एकाच चित्रावर राबतोय, कुणाला दाखवत नाही. शेवटी दाखवतो तेव्हा पाहणाऱ्यांना दिसतो रंगरेषांचा गोंधळ, आणि कोपऱ्यात तेवढा एक जिवंत, सुंदर पाय. मेव्हर्सला बरेच जण या फ्रेनहोफरच्या रांगेत बसवतील. आमच्या मते इथे कथा उलटी आहे. फ्रेनहोफरला चित्र पूर्ण दिसतंय आणि जगाला गोंधळ. इथे जगाला पूर्ण दिसतंय आणि करणाऱ्याला गोंधळ. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं? फ्रेनहोफरच्या बाबतीत आपण चटकन पाहणाऱ्यांच्या बाजूने जातो. मग इथे करणाऱ्याच्या बाजूने का जावं? नुसतं त्याने दुःख जास्त सोसलं म्हणून?

ख्याल ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी इथे म्हणेल, आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. आजचा यमन आजचा, उद्याचा उद्याचा, 'खरा' कुठला असं कुणी विचारत नाही. बरोबर. पण ही सोय मेव्हर्सलाही होती! तो वर्षानुवर्षं तीच गाणी मंचावर गात होता. त्याला नको होता तो मुद्रणाचा शेवटचा शिक्का.

आणखी एक बाजू आहे, आणि आम्हाला ती सगळ्यात जड वाटते. आतापर्यंत आम्ही 'मेव्हर्सचा अल्बम' असं बोलत आलो, कारण सगळे तसंच बोलतात. गाणी त्याची, हे खरं. पण वाजवलं चौघांनी. बासवर आणि मागच्या आवाजात जॉन पॉवर, गिटारवर पीटर कॅमेल, ड्रमवर ली मेव्हर्सचा धाकटा भाऊ नील. कंपनीच्या बाजूनेही पाहा. पुन्हा पुन्हा केलेल्या मुद्रणांचा खर्च एका छोट्या संस्थेने उचलला होता. कवीने 'माझी कविता अपुरी आहे' म्हणून फाडून टाकली, तर नुकसान त्याचं आणि आपलं. बँडच्या पुढाऱ्याने 'अपुरं आहे' म्हटलं की इतर तिघांची तारुण्यातली वर्षंही अपुरी ठरतात. 'पूर्ण झालं' म्हणायचा अधिकार फक्त एकाचा, असं मानलं की बाकीचे वाद्यासारखे होतात, माणसं राहत नाहीत. कॉलिंगवुडच्या सिद्धान्तात वादकाला जागा किती कमी आहे, हे अशा वेळी बोचतं. बरं, कॉलिंगवुडवर थोडा अन्याय होतोय : त्याच पुस्तकाच्या शेवटी ते स्वतः कलावंतांच्या सहकार्याबद्दल कळकळीने लिहितात. पण मेव्हर्सकडे तेवढंही नव्हतं.

पॉवरने १९९१च्या अखेरीस बँड सोडला. पाच वर्षं तीच गाणी वाजवली होती त्याने. पुढे त्याने 'कास्ट' नावाचा बँड काढला, आणि १९९५ साली त्यांचा पहिला अल्बम 'ऑल चेंज' आला. प्रोड्यूसर कोण? जॉन लेकी. द लाजबरोबर ज्याचं काम तडीला गेलं नव्हतं तोच. तो अल्बम झाला, संपला, भरपूर खपला. 'ऑल चेंज'मध्ये द लाजच्या तोडीचं गाणं आम्हाला सापडत नाही, हेही सांगायला हवं. पण पॉवरला त्याची स्वतःची गाणी मिळाली, आणि ती त्याने लोकांच्या हाती दिली.

मेव्हर्स नंतर अधूनमधून दिसला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर थोडे कार्यक्रम, २००५ साली पॉवरला घेऊन ग्लॅस्टनबरीला आणि जपानला. मंचावर जुनीच गाणी. 'ओएसिस'चा नोएल गॅलाघर वर्षानुवर्षं त्याचं नाव आदराने घेतो, दुसऱ्यांनी गायलेलं 'देअर शी गोज' अमेरिकेत गाजलं. लिव्हरपूलचा ऋणनिर्देश सगळीकडे झाला, फक्त मेव्हर्सचं समाधान झालं नाही.

२००८ साली अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली आणि हेजेसबरोबर केलेलं मुद्रण अधिकृतपणे ऐकायला मिळालं. इतकी वर्षं चाहते म्हणत होते की खरा अल्बम त्या दडलेल्या टेपांत आहे. ऐकून काय वाटलं? आमच्या कानाला दोन्हींतलं अंतर इतक्या वर्षांच्या वादाला पुरेल एवढं नाही. काही गाणी इकडे बरी, काही तिकडे. तिसरं, निर्दोष, असं कुठे दडलंय हे मानायला त्या टेपा ऐकल्यावर आधार उरत नाही.

तुम्हाला ते आमच्या शब्दावर घ्यायला नको. वेळ थोडा आहे आपल्याकडे. आता 'टाइमलेस मेलडी' दोनदा लावतो, आधी हेजेसचं, मग लिलीव्हाइटचं. मेव्हर्सचा आवाज तुम्ही ऐकालच, तो ऐकू येतोच. दोन्ही वेळा जरा बासकडे लक्ष ठेवा, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या आवाजाकडे. तो पॉवर. त्यानंतर अल्बमचं शेवटचं गाणं, 'लुकिंग ग्लास'. जवळजवळ आठ मिनिटांचं आहे, हळू सुरू होतं, मध्ये खोकू नका. मग प्रश्न घेऊ.